उशीवरून दिसणारा टीव्ही

सुरवसे काका दुकानाच्या मधोमध फरशीवर आडवे झाले, तेव्हा सगळ्यात आधी हसले ते आमचे शेठ.

"अहो काका, झोपायचं असेल तर समोर गाद्यांच्या दुकानात जा. इथं टीव्ही मिळतात."

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, तीही हसली. काकांनी तिकडं लक्ष दिलं नाही. डावा हात डोक्याखाली घेऊन ते डाव्या कुशीवर वळले, खिशातून सुतळीचं बंडल काढलं आणि एक टोक माझ्याकडं दिलं.

"ताई, हे टोक टीव्हीपाशी धरा. सुतळी ताणली की जिथं संपंल, तिथं आमच्या मंडळींची उशी. घरी मोजून आणलीय."

मी टोक धरलं. काका सरकत सरकत सुतळीच्या शेवटापर्यंत गेले. ते टीव्हीच्या समोर नव्हते, पार एका बाजूला होते. आमच्या बसायच्या खुर्च्यांच्याही पलीकडं, वॉशिंग मशीनच्या रांगेला डोकं टेकंल इतके बाजूला.

"एवढ्या बाजूला कशाला, काका?" मी विचारलं.

"खोलीच तशी हाय. एका भिंतीला दार, एकीला खिडकी, एकीला कपाट. टीव्हीला एकच भिंत उरती. आणि पलंग हलवता येत न्हाई, संडास-बाथरूमच्या दारालाच लावलाय." ते झोपूनच बोलत होते. "तिची उजवी बाजू गेलीय. आठ महिने झाले. ह्याच कुशीवर असती. तिला जसं दिसणार तसं मला बघायचंय. लावा आता."

दोन हजार नऊचा मार्च होता. बार्शीतल्या आमच्या दुकानात एका भिंतीवर दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असायचे. डावीकडं एलसीडी, उजवीकडं प्लाझ्मा. दोन्ही सारख्याच आकाराचे, किंमतही जवळजवळ सारखी. जुने पेटीसारखे टीव्ही लोकांना नकोसे झाले होते, पण ह्या दोन चपट्यांतला कुठला घ्यायचा हे कुणालाच कळत नव्हतं. मला कळत होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. दीड वर्ष पुण्या-सोलापूरला अर्ज करून करून थकले आणि शेवटी टेकाळे शेठच्या ह्या दुकानात लागले. शेठ गिऱ्हाइकांना माझी ओळख "आमच्या इंजिनिअर मॅडम" अशी करून द्यायचे. मी इंजिनिअर नव्हते. पण ते ऐकताना मला फार बरं वाटायचं, हे आज कबूल करते.

रोज सकाळी दुकान उघडलं की इंजिनिअर मॅडमचं पहिलं काम ठरलेलं होतं. एलसीडीचा उजेड आणि रंग शेवटपर्यंत वाढवायचे, प्लाझ्माचे निम्म्यावर आणायचे. प्लाझ्माच्या बरोबर समोर छताला शेठनी दोन जादा ट्यूबलाइट लावून घेतल्या होत्या, त्या त्याच्या काचेत चमकायच्या. दारातून आत येणाऱ्याला एलसीडी लखलखीत दिसायचा आणि प्लाझ्मा मळकट. कारण साधं होतं. कंपनीची योजना होती. मार्चअखेर पस्तीस एलसीडी विकले की दुकानदाराला बायकोसकट बँकॉकची सहल. प्लाझ्मावर काहीच नव्हतं. बत्तीस झाले होते.

तर काका फरशीवर पडून बघत होते. आधी एलसीडीकडं. मग प्लाझ्माकडं. पुन्हा एलसीडीकडं. बातम्या लागल्या होत्या.

"ह्या डावीकडच्यातली बाई पांढरीफटक दिसती," ते म्हणाले. "उभा राहून बघितली तवा चांगली होती. उजवीकडची मात्र हाय तशीच हाय. ताई, हा उजवीकडचाच द्या."

मी मनातल्या मनात थक्क झाले. उजेड उतरवून, ट्यूब लावून, सगळं करून ठेवलेलं असताना ह्या माणसानं फरशीवर झोपून बरोबर तेच हेरलं होतं, जे आम्हाला दोन वर्षं पुस्तकातून शिकवलं होतं. एलसीडी समोरून बघायचा. बाजूनं रंग उडतात. प्लाझ्माचं तसं नसतं.

शेठ गल्ल्यावरून उठून आले. त्यांनी काकांना हात देऊन उठवलं, पाठीवरची धूळ झटकली. आता हसत नव्हते. एकदम घरच्यासारखे झाले.

"काका, वहिनी आजारी आहेत म्हणालात?"

"व्हय."

"खोली बंदिस्त?"

"एकच खिडकी."

"मग हा घेऊ नका. माझं नुकसान झालं तरी चालंल, पण पेशंटच्या खोलीत मी प्लाझ्मा देणार नाही. ह्यात गॅस असतो."

काका प्लाझ्माकडं बघायला लागले. मघाशी ज्याच्याकडं मायेनं बघत होते, त्याच्याकडं साप बघावा तसं.

"गॅस?"

"पडद्यात भरलेला असतो. बारीक बारीक गळत राहतो. उद्या काच तडकली, तर? वहिनींना उठून बाहेर पळता तरी येईल का? आणि बाजूनं पांढरं दिसतं म्हणता, ते आमच्या लायटींमुळं. घरी एवढ्या लायटी असतात का? घरी एकदम क्लास दिसतो."

काकांनी सुतळी बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळता गुंडाळता त्यांनी शेठकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आणि शेठना तिथंच सोडून माझ्याजवळ आले.

"ताई, तुम्ही ह्यातलं शिकलाय. आत गॅस असतो का?"

शेठ त्यांच्या पाठीमागं उभे होते. त्यांनी मला डोळ्यानं काही खुणावलंसुद्धा नाही. त्यांना खात्रीच होती.

"असतो," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली. "मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "डावीकडचाच द्या."

तेहतीस झाले.

तिसऱ्या दिवशी बशीरभाई टीव्ही बसवायला निघाले. बशीरभाई आमचे मेकॅनिक, वीस वर्षं त्याच कामात. नव्या टीव्हीचे चॅनेल लावायला आणि रिमोट समजावून सांगायला मी बरोबर जायची. सुरवसे काकांचं घर गावाबाहेरच्या वसाहतीत होतं, दोन खोल्यांचं. काका पाटबंधारे खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. दारात एवढीशी बाग, पण वाफे असे सरळ की दोरी लावून आखल्यासारखे.

काकू आतल्या खोलीत होत्या. इंदुमती त्यांचं नाव. केस विंचरून वेणी घातलेली, कपाळाला टिकली. हे सगळं काकाच करत असणार, कारण घरात तिसरं माणूस नव्हतं. मुलगी सासरी कर्नाटकात. काकूंचं बोलणं आजारात गेलं होतं, आता एकेक शब्द ओढून काढल्यासारखा यायचा.

बशीरभाईंनी भिंतीला भोकं पाडली, पट्ट्या ठोकल्या, टीव्ही टांगला. मी चॅनेल लावले. काका टीव्हीसमोर उभे राहून लहान मुलासारखे बघत होते.

"फस्क्लास! इंदू, दिसतंय का?"

कुठल्यातरी लग्नाचा प्रसंग चालू होता, नटलेल्या बायका, झेंडूच्या माळा. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

"सगळी... आजारी... दिसतात."

बशीरभाई खाली वाकून स्क्रू गोळा करायला लागले, तिथं एकच स्क्रू पडला होता.

"डोळ्यालाबी झालंय बघा तिच्या," काका मला हळू आवाजात म्हणाले. "ह्या आजारात डोळंबी जात्यात म्हणून मला भ्यावच वाटत हुतं. आता नक्की झालं. उद्याच्याला सोलापूरच्या डॉक्टरांची वेळ घेतो. जीपमध्ये गादी टाकून न्यावं लागंल. आठ महिन्यांत ह्या खोलीच्या भाईर काढली न्हाई तिला, पण आता विलाज न्हाई. रस्ता लई खराब हाय. मागं दवाखान्यातनं आणताना एकेका खड्ड्याला रडत हुती."

मी पलंगाजवळ गेले आणि गुडघे टेकून काकूंच्या उशीशेजारी डोकं ठेवलं. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. तिथून मी टीव्हीकडं पाहिलं.

नवरीचं तोंड राखेसारखं होतं. झेंडू फिकट, मातकट. नवऱ्या मुलाचे गाल निळसर, ओठ काळे. काकू अगदी बरोबर बोलल्या होत्या. आठ महिने ज्यांनी एका खोलीत आजारपण काढलं, त्यांच्यासमोर आम्ही एक खिडकी आणून टांगली होती आणि त्या खिडकीत सगळं जग आजारी होतं.

उठले तेव्हा बशीरभाई माझ्याकडंच बघत होते. त्यांनाही सगळं माहीत होतं.

"काका," मी म्हणाले, "काकूंचे डोळे चांगले आहेत. सोलापूरला नेऊ नका. हा टीव्ही बाजूनं असाच दिसतो."

"शेठ म्हणाले, लायटीमुळं..."

"शेठ खोटं बोलले."

"आणि गॅस?"

"काचेत कोंडलेला असतो, अगदी थोडा. गळत नाही, आणि काच फुटली तरी कुणाला काही होत नाही. ह्या आपल्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्येसुद्धा गॅस असतो, काका."

काकांनी वर ट्यूबलाइटकडं पाहिलं. मला वाटलं, आता शेठला शिव्या घालतील. मी त्याला तयार होते. खरं तर मीही त्यांच्याबरोबर घालणार होते.

"मी तुला इचारलं हुतं," ते म्हणाले.

ते मला आतापर्यंत अहो-जाहो करत होते.

"काका, मी..."

"शेठचं मला काय सांगती? तो इकायला बसलाय. त्याच्या बोलण्यावर इस्वास ठेवला असता तर फरशीवर कशाला झोपलो असतो चार माणसांत? मी चौतीस वर्सं पाटाचं पाणी मोजलं. वरचा शेतकरी एक सांगायचा, खालचा दुसरंच सांगायचा. मी दोघांचं ऐकायचो आणि मोजपट्टी बघायचो. परवा दुकानात मोजपट्टी म्हणून तुझ्याकडं बघितलं."

"पण मी खोटं नव्हते बोलले. गॅस असतो का विचारलंत, तर..."

"असतो म्हणालीस. खरंच बोललीस!" त्यांचा आवाज एकदम चढला. पलंगावर काकू दचकल्या. "असलं खरं बोलायला कुठं शिकलीस गं? शाळंत?"

माझं तोंड पेटल्यासारखं झालं. मला रडू आलं नाही, संताप आला. आधी काकांचाच आला. आपण होऊन खरं सांगितलं, तर वर हे! मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. बशीरभाईंच्या मोटरसायकलवर मागं बसून मी अर्धा रस्ता मनात काकांशी भांडत होते. बस स्टँडाजवळ आलो तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की ते बोलले त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

दुकानात शिरल्या शिरल्या मी शेठना सांगितलं, "सुरवसे काकांचा टीव्ही बदलून द्यायचा आहे. प्लाझ्मा द्यायचा."

"पेटी उघडलेला माल आपण परत घेत नाही."

"ती बाई बाजूनं बघते, शेठ. तिला काही दिसत नाही."

"अगं, पडून असलेली बाई. तिला काय शिणुमाची परीक्षा द्यायचीय? हलतं काहीतरी दिसलं की झालं." शेठ गल्ल्यातून मान वर न करता बोलले. "दोन राहिलेत. एकतीस तारखेपर्यंत जरा तोंड सांभाळ."

पडून असलेली बाई. मला तिची विंचरलेली वेणी आठवली. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि एक जोडपं आत आलं. नवरा बँकेत अधिकारी, नुकतीच बदली होऊन आलेला. बायको हातात वही घेऊन, चौकशी करून करून वैतागलेली.

"आम्हाला एकदा कुणीतरी स्पष्ट सांगा," ती म्हणाली. "प्लाझ्मा घ्यायचा की एलसीडी? प्रत्येक दुकानात वेगळंच सांगतात."

शेठ उठले. त्यांनी टेबलावरचे दोन्ही रिमोट उचलले आणि माझ्या हातात दिले.

"ह्या आमच्या इंजिनिअर मॅडम. ह्याच सांगतील. ह्यांच्या शब्दाबाहेर आम्हीसुद्धा जात नाही."

त्यांना अजूनही खात्री होती. ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. दोन वर्षं मी त्यांना ही खात्री पुरवली होती.

मी भिंतीजवळ गेले आणि त्या दोन जादा ट्यूब बंद केल्या. मग प्लाझ्माचा रिमोट दाबून पडद्यावर सेटिंग आणलं.

"हा प्लाझ्मा. ह्याचा उजेड मी रोज सकाळी मुद्दाम कमी करते. बघा." मी उजेड वाढवून मूळच्या जागी नेला. पडद्यावर काळं काळं झालं, लाल लाल झालं. "हा एलसीडी. ह्याचा मी रोज सकाळी वाढवते." तोही खाली आणला. "आता बघा दोन्ही."

"सारिका," शेठ म्हणाले.

"तुमची खोली उजेडाची असेल, समोर बसून बघणार असाल, विजेचं बिल कमी हवं असेल, तर एलसीडी चांगला. खुशाल घ्या. खोली अंधारी असेल, घरात माणसं जास्त असतील, बाजूला बसून कुणी बघणार असेल, तर प्लाझ्मा घ्या. प्लाझ्मातला गॅस विषारी आहे असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. परवा एका माणसानं मला हेच विचारलं. त्याची बायको अंथरुणावर आहे. मी त्याला फसवलं."

"सारिका! ही जरा डोक्यानं अशी..."

"डोक्यानं मी चांगली आहे, शेठ. परवाही चांगलीच होते."

फ्रीज बघत असलेला एक माणूस पुढं आला. त्यानं गेल्या महिन्यात आमच्याकडून एलसीडी नेला होता. "मलापण हे गॅसचंच सांगितलं होतं की!" तो म्हणाला. शेठ त्याला समजवायला गेले, तर बँकवाली बाई मध्येच म्हणाली, "त्या आजारी बाईचा टीव्ही बदलून दिला का?"

"देणार आहे ना," शेठ म्हणाले. "तेच तर चाललं होतं आमचं."

"मग द्या. आम्ही थांबतो."

ती खरंच खुर्चीवर बसली. वही मांडीवर ठेवून. तिच्या नवऱ्यानं एकदा घड्याळ पाहिलं आणि तोही बसला. शेठनी दुकानभर नजर फिरवली. आता सात-आठ माणसं झाली होती आणि बार्शीत संध्याकाळपर्यंत गोष्ट कुठं जाते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी नुसता हात हलवला. बशीरभाई कधीच गोदामात गेले होते. त्यांनी प्लाझ्माची पेटी रिक्षात चढवलीसुद्धा.

मी पायरी उतरताना शेठ मागून म्हणाले, "परत ह्या दुकानाची पायरी चढू नकोस. गावात कुठल्या दुकानात तुला कोण उभं करतं बघतोच."

त्यांनी ते शब्दशः खरं केलं. आता मी लातूरला आयटीआयमध्ये शिकवते, त्याची सुरुवात त्या पायरीवरून झाली असं लोकांना सांगायला छान वाटलं असतं. पण मधली दोन वर्षं मी घरात बसून भावाची बोलणी खाल्ली, हेही तितकंच खरं.

काकांनी दार उघडलं. पेटी बघितली, बशीरभाईंना आत घेतलं. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. त्यांनी मला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी आत गेले.

अर्ध्या तासात जुना उतरला, नवा चढला. मी चॅनेल लावले. ह्या खेपेला काका टीव्हीसमोर उभे राहिले नाहीत. पलंगापाशी खाली बसले आणि काकूंच्या उशीवर डोकं टेकून बघायला लागले. दोघांची डोकी शेजारी शेजारी. भाजीचा कार्यक्रम लागला होता, कुणीतरी तेलात हिरव्या मिरच्या टाकत होतं. मी काकूंच्या तोंडाकडं बघत होते. त्या काय म्हणतात ह्याची वाट बघत होते, हे लपवायचं कशाला?

त्या मिरच्यांकडं बघत राहिल्या.

"मी दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, काका," शेवटी मीच म्हणाले. "नोकरी गेली माझी."

मला त्या क्षणी काय हवं होतं, ते त्यांना समजलं असणार. ते उठून उभे राहिले.

"दुकानात सांगितलंस, बरं केलंस," ते म्हणाले. "त्यांचं भलं झालं. मला त्या दिवशी सांगायचं हुतं."

बशीरभाईंनी हत्यारं भरली. मी वळले. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"चहा."

काकांनी वळून पाहिलं.

"पोरीला... चहा... टाका."

"इंदू, तुला ठाव न्हाई हिनं..."

"टाका."

काका स्वयंपाकघरात गेले. भांडं आपटल्याचा आवाज आला, मग झाकण आपटल्याचा. बशीरभाई म्हणाले, मी रिक्षात थांबतो, आणि गेले. काकांनी चहा आणला. एकच कप. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही, आणि पाठ करून टीव्ही बघत उभे राहिले. काकूंनी मात्र मान जेवढी वळेल तेवढी वळवली होती. मिरच्या सोडून त्या माझ्याकडं बघत होत्या.

चहा इतका गरम होता की जीभ भाजली. बस असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून मी उभ्यानंच प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि कप मोरीत नेऊन स्वतः धुऊन ठेवला.